ग्राफिक्स कार्ड महाग : कंपन्यांचं संगनमत की आणखी काही?

प्रश्न : मी तारापूर एमआयडीसीत नोकरी करतो, राहायला बोईसरला. मुलगा पॉलिटेक्निकला आहे. संगणकावर यंत्रांच्या भागांची त्रिमितीय चित्रं काढायची त्याला गोडी लागली आहे आणि त्यासाठी ग्राफिक्स कार्ड हवं आहे. बोईसरला विचारलं, पालघरला विचारलं, डहाणू लोकलनं जाऊन लॅमिंग्टन रोडही पालथा घातला. सगळीकडे भाव जवळजवळ सारखाच, आणि दुकानदार म्हणतात, थांबलात तर आणखी वाढेल. ही कार्डं बनवणाऱ्या कंपन्या दोन-तीनच आहेत म्हणे. मग त्या आपसात ठरवून भाव चढवत असतील का? तसं असेल तर आपल्याकडे त्याविरुद्ध कायदा आहे का? आणि आम्ही गिऱ्हाइकांनी करायचं काय?
— एक वाचक, बोईसर

उत्तर : आधी थोडक्यात सांगतो. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपन्यांवर संगनमताचा आरोप पूर्वी झालेला आहे. अमेरिकेच्या सरकारनं त्याची चौकशी केली आणि कुणावरही खटला न भरता ती बंद केली. याच कार्डांवर बसणाऱ्या मेमरी चिपच्या कंपन्यांनी मात्र भाव ठरवल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला आहे. म्हणजे तुमच्या संशयाला आधार आहे. पण आजच्या भाववाढीची कारणं शोधायला गुप्त बैठकांपर्यंत जावं लागत नाही, ती उघड्यावरच आहेत. त्यातलं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे या बाजारात विकणारेच फार थोडे उरले आहेत. हे दुखणं संगनमताहून वेगळं आहे आणि त्याचा इलाजही वेगळा आहे. आता एकेक प्रश्न घेऊ.

सारखा भाव हा संगनमताचा पुरावा आहे का?

तुमच्या तारापूरचंच घ्या. इथल्या कारखान्यांचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात जातं. उद्या त्या केंद्राचे दर वाढले किंवा कोळसा महागला, तर कापडावर प्रक्रिया करणारे सगळेच मालक आपला जॉबवर्कचा दर वाढवतील. कुणी कुणाला फोन केलेला नसेल, तरी वाढ एकाच सुमाराला आणि साधारण सारखी होईल. यात गुन्हा नाही. पण तेच मालक एकत्र बसले आणि ‘अमुक दराखाली कुणी काम घ्यायचं नाही’ असं त्यांनी ठरवलं, तर तो गुन्हा. त्यावर कुणाची सही नसली, सगळं तोंडीच झालं असलं, तरीही.

कायदा सारख्या भावापाशी थांबत नाही, त्यामागचा समझोता शोधतो. हा फरक आपल्या सर्वोच्च न्यायालयानं दोन निकालांत फार नेमका दाखवला आहे.

पहिलं प्रकरण भारतीय अन्न महामंडळाचं. गोदामातल्या धान्याला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या लागतात. 2009 साली महामंडळानं त्यांच्या निविदा मागवल्या, तेव्हा एक्सेल क्रॉप केअर, युनायटेड फॉस्फरस आणि संध्या ऑर्गॅनिक केमिकल्स या तिघांनी किलोला 388 रुपये हा एकच भाव भरला. महामंडळानं भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. आयोगानं 2012 मध्ये तिघांनाही दंड केला आणि मे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं संगनमताचा निष्कर्ष कायम ठेवला. तिघांचा उत्पादनखर्च वेगवेगळा, तरी भाव रुपयाला रुपया सारखा, आणि तोही वर्षानुवर्षं. याचा पटण्याजोगा खुलासा त्यांच्याकडे नव्हता.

दुसरं प्रकरण स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरचं. सिलिंडर बनवणाऱ्या चाळीसहून अधिक कंपन्यांनी इंडियन ऑइलच्या निविदेत सारखे किंवा जवळजवळ सारखे भाव भरले होते. आयोगानं इथंही दंड ठोठावला. पण 1 ऑक्टोबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. सिलिंडर विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्या देशात तीनच. आधीच्या निविदांचे भाव सगळ्यांना ठाऊक. अशा बाजारात एकमेकांशी न बोलताही भाव सारखे येऊ शकतात, असं न्यायालयाचं म्हणणं.

एकाच न्यायालयानं दीड वर्षात सारख्या भावांवर दोन वेगळे निकाल दिले, कारण त्यामागची परिस्थिती वेगळी होती. लॅमिंग्टन रोडवरच्या दहा दुकानांत एकच भाव दिसला, तर त्याचा अर्थ लावताना हे लक्षात ठेवावं. त्या दहाही दुकानांत माल येतो तो मोजक्या वितरकांकडून, त्यामुळे त्यांचे भाव जवळजवळ असणं स्वाभाविक आहे. संशयाची जागा दुकानात नाही, फार वर आहे.

वर कधी काही घडलं होतं का?

1990 च्या दशकात ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपन्या डझनभर तरी होत्या. थ्रीडीएफएक्स, एस-थ्री, मॅट्रॉक्स, एटीआय, एनव्हिडिया ही त्यातली काही नावं. थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियानं विकत घेतली आणि 2006 मध्ये एटीआय ही कंपनी एएमडीनं घेतली. सुट्या कार्डांच्या बाजारात मग दोनच दादा उरले. त्याच 2006 च्या अखेरीस अमेरिकेच्या न्याय खात्यानं दोघांनाही कागदपत्रं सादर करण्याचे आदेश बजावले. पाठोपाठ गिऱ्हाइकांनी दावे लावले. दोन्ही कंपन्या नवी कार्डं एकाच वेळी आणि एकाच भावात बाजारात आणतात, हे ठरवल्याशिवाय होत नाही, असा त्यांचा आरोप होता. सुनावणीत एक ई-मेल उघड झाला. तो एनव्हिडियाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं एटीआयच्या प्रमुखांना लिहिलेला होता. आपण स्पर्धक असलो तरी या धंद्याचा मान वाढावा म्हणून मिळून काम करायला हवं, असा त्याचा आशय होता.

वाचून भुवया उंचावतात. पण भाव ठरवल्याचा पुरावा म्हणून तेवढं पुरलं नाही. 2008 मध्ये दोन्ही कंपन्यांनी प्रत्येकी साडेआठ लाख डॉलर देऊन दावे मिटवले आणि त्याच वर्षी न्याय खात्यानं कारवाई न करता चौकशी संपवली. त्या आकाराच्या कंपन्यांना ही रक्कम किरकोळच.

मेमरीची कथा मात्र वेगळी आहे. ग्राफिक्स कार्डावर मुख्य चिपच्या भोवती मेमरीच्या चिप असतात आणि कार्डाच्या खर्चात त्यांचा मोठा वाटा असतो. 1999 ते 2002 या काळात संगणकाची मेमरी बनवणाऱ्या कंपन्या आपसात बोलून भाव ठरवत होत्या. अमेरिकेत त्यांनी हे कबूल केलं. सॅमसंगला 30 कोटी डॉलर, हायनिक्सला साडेअठरा कोटी आणि इन्फिनियनला 16 कोटी डॉलर दंड झाला. एल्पिडालाही 8 कोटी 40 लाख भरावे लागले. काही अधिकारी तुरुंगात गेले. मायक्रॉन ही कंपनी कटातच होती, पण तिनं तपासाला सहकार्य केलं म्हणून ती सुटली. पुढं 2010 मध्ये युरोपीय आयोगानंही 33 कोटी युरोहून अधिक दंड लावला.

2016 ते 2018 मध्ये मेमरी पुन्हा भडकली, तेव्हा अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांनी सॅमसंग, हायनिक्स आणि मायक्रॉनवर पुन्हा दावा लावला. या वेळी तो फेटाळला गेला आणि 2022 मध्ये अपिलातही टिकला नाही. एकानं उत्पादन आवरतं घेतलं हे पाहून दुसऱ्यानंही घेतलं, एवढ्यावरून समझोता सिद्ध होत नाही, असं न्यायालयाचं मत पडलं. एकदा कबूल केलेला गुन्हा दुसऱ्या वेळी गृहीत धरला जात नाही. गिऱ्हाईक म्हणून हे आपल्याला टोचतं, पण न्यायाच्या दृष्टीनं ते बरोबर आहे.

मग आज भाव का वाढले?

पहिलं कारण रुपया. 2016 मध्ये एनव्हिडियाचं मधल्या दर्जाचं जीटीएक्स 1060 हे कार्ड 249 डॉलरला आलं. 2025 मध्ये त्याच पंगतीतलं आरटीएक्स 5060 आलं 299 डॉलरला. डॉलरमध्ये नऊ वर्षांत वाढ झाली 20 टक्के. पण 2016 मध्ये डॉलर साधारण 67 रुपयांना होता आणि डिसेंबर 2025 मध्ये त्यानं नव्वदी ओलांडली. त्या हिशेबानं तेच आकडे 16,700 आणि 26,900 रुपये होतात, म्हणजे वाढ 60 टक्क्यांवर जाते. शिवाय अमेरिकेतला जाहीर भाव करावाचून सांगितला जातो. आपल्याकडे त्यावर 18 टक्के जीएसटी चढतो आणि 26,900 चे 31,750 होतात. वाहतूक, वितरकाचा आणि दुकानदाराचा वाटा त्यानंतर.

दुसरं कारण मागणी. 2017-18 आणि 2020 ते 2022 या काळात आभासी चलन ‘खणण्यासाठी’ लोकांनी ही कार्डं पोत्यानं विकत घेतली. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम या चलनानं आपली पद्धत बदलली आणि ती मागणी ओसरली. पण तोवर कंपन्यांना एक गोष्ट कळली होती, की दुप्पट भावालाही गिऱ्हाईक मिळतं. खेळांसाठीचं वरच्या दर्जाचं जीटीएक्स 1080 टीआय 2017 मध्ये 699 डॉलरला होतं. 2025 च्या सुरुवातीला आलेल्या आरटीएक्स 5090 चा जाहीर भाव 1,999 डॉलर. ही वाढ रुपयाच्या घसरणीतून आलेली नाही.

त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्ता आली. जानेवारी 2022 मध्ये संपलेल्या वर्षात एनव्हिडियाला खेळांच्या धंद्यातून सुमारे साडेबारा अब्ज डॉलर मिळाले आणि डेटा सेंटरमधून साडेदहा अब्जांच्या थोडे वर. जानेवारी 2025 मध्ये संपलेल्या वर्षात खेळांचा आकडा साडेअकरा अब्जांच्या आत राहिला आणि डेटा सेंटरचा 115 अब्जांवर गेला. तुमच्या मुलाला हवं असलेलं कार्ड आता या कंपनीचा मुख्य धंदा राहिलेलं नाही. मेमरीचंही तेच. डेटा सेंटरला लागणारी खास मेमरी बनवताना साध्या मेमरीच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन लागतं, आणि दोन्हींचे कारखाने तेच. या वळणाचा परिणाम 2025 च्या शेवटी दिसला. मेमरीचे भाव झपाट्यानं चढले आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉननं सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा ‘क्रुशल’ हा आपला छाप बंद करायचं जाहीर केलं.

तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं. एनव्हिडिया आणि एएमडी दोघीही आपल्या आजच्या मुख्य ग्राफिक्स चिप तैवानच्या टीएसएमसीकडून करून घेतात. ग्राफिक्सची मेमरी बनवतात सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, या तिघी. आणि सुट्या कार्डांच्या विक्रीत 2025 च्या मध्याला एनव्हिडियाचा वाटा 90 टक्क्यांच्या वर होता. इंटेल 2022 मध्ये या मैदानात उतरली, पण तिचा वाटा अजून नगण्य आहे. ज्याच्या हाती 90 टक्के बाजार आहे, त्याला भाव वाढवायला संगनमताची गरजच काय? तो आपला भाव जाहीर करतो, दुसरा त्याच्या खाली थोडं अंतर ठेवून आपला लावतो. एकमेकांशी एक शब्दही न बोलता गिऱ्हाइकाचा खिसा तेवढाच हलका होतो. माझी खरी काळजी ही आहे.

आपला कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे 1969 चा मक्तेदारी नियंत्रणाचा कायदा होता. त्याच्या जागी स्पर्धा कायदा, 2002 आला आणि संगनमताविरुद्धची त्याची कलमं 20 मे 2009 पासून लागू झाली. कलम 3 संगनमताविरुद्ध आहे. कटाच्या प्रत्येक वर्षासाठी नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या 10 टक्के, यांतली जी जास्त ती रक्कम दंड म्हणून लावता येते. गोळ्यांच्या प्रकरणात फक्त त्या वस्तूची उलाढाल धरली गेली आणि युनायटेड फॉस्फरसचा 252 कोटींचा दंड सात कोटींच्या आत आला. 2023 च्या दुरुस्तीनं ही पळवाट बुजवली. आता कंपनीची जगभरातली एकूण उलाढाल हिशेबात धरता येते. कट परदेशात शिजला पण त्याचा परिणाम भारताच्या बाजारावर झाला, तर कलम 32 प्रमाणे आयोगाला त्याचीही चौकशी करता येते.

हा कायदा कागदावरच राहिलेला नाही. आपण घड्याळात, टॉर्चमध्ये घालतो त्या सेलचं उदाहरण आहे. पॅनासॉनिक, एव्हरेडी आणि निप्पो हा छाप बनवणारी इंडो नॅशनल या तिघी ठरवून भाव वाढवत होत्या. 2016 मध्ये पॅनासॉनिकनं स्वतःच आयोगाकडे जाऊन हे सांगितलं. एप्रिल 2018 मध्ये निकाल लागला. एव्हरेडीला 171 कोटी आणि इंडो नॅशनलला 42 कोटी दंड झाला, पॅनासॉनिकला पूर्ण माफी मिळाली. जो आधी कबूल करतो त्याला सवलत, ही तरतूद मुद्दाम ठेवलेली आहे. भाव ठरवणारे एकमेकांवर पूर्ण विश्वास ठेवू शकू नयेत, हाच तिचा हेतू.

कलम 4 वर्चस्वाचा गैरवापर रोखतं. मोठं असणं हा गुन्हा नाही, मोठेपणाच्या जोरावर इतरांची वाट अडवणं हा गुन्हा आहे. ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत लक्ष इथं हवं. मार्च 2018 मध्ये एनव्हिडियानं कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांसाठी भागीदारीची एक योजना आणली. या कंपन्यांनी खेळांसाठीचे आपले नावाजलेले छाप फक्त एनव्हिडियाच्या चिपला द्यावेत, असा तिचा हेतू असल्याची टीका झाली आणि मे महिन्यात कंपनीनं योजना मागं घेतली. सप्टेंबर 2023 मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणानं तिच्या तिथल्या कार्यालयावर छापा घातला. आपल्याकडे 2019 मध्ये स्पर्धा आयोगानं इंटेलच्या भारतापुरत्या वेगळ्या वॉरंटी धोरणाच्या चौकशीचा आदेश दिला. परदेशातून अधिकृत रीतीनं घेतलेल्या प्रोसेसरला इथं वॉरंटी नाकारली जाते, अशी ती तक्रार होती. म्हणजे संगणकाच्या सुट्या भागांचा प्रश्न आयोगाच्या दारापर्यंत पोचू शकतो, पोचलेला आहे.

आता तुम्ही काय करावं?

आधी मुलाला खरोखर कशाची गरज आहे ते पाहा. यंत्राच्या सुट्या भागांची चित्रं काढायला शिकताना मुख्य भार प्रोसेसरवर पडतो, आणि आजच्या प्रोसेसरमध्ये जे ग्राफिक्स अंगचंच असतं त्यावर पहिलं वर्ष-दोन वर्षं निभतं. चित्राला खरा प्रकाश, सावली, हालचाल द्यायची वेळ आली की वेगळं कार्ड लागतं. तोवर पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेतल्या संगणकांचा हक्कानं वापर करू द्या. टंचाईच्या काळात घाईनं घेतलेली वस्तू सगळ्यांत महाग पडते.

घ्यायचंच ठरलं तर मी वर केला तो हिशेब करा. जाहीर डॉलर भाव, त्या दिवशीचा डॉलरचा दर आणि 18 टक्के कर. दुकानातला भाव त्याच्या थोडा वर असेल तर ते समजण्यासारखं आहे, फार वर असेल तर मागं फिरा. खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, आयातदाराचं नाव-पत्ता आणि कोणत्या देशात बनलं ते छापलेलं असायलाच हवं. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागणं हा वैधमापन कायद्याखाली गुन्हा आहे. जीएसटीचं बिल आणि त्यावर कार्डाचा सीरियल क्रमांक घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. जुनं कार्ड स्वस्तात मिळतं म्हणून भुलू नका. ते चलन खणण्यासाठी अहोरात्र चाललेलं असू शकतं, आणि बिल नसेल तर वॉरंटीही नाही.

2021 च्या टंचाईत जगभर एक प्रकार चालला. कार्ड हवं तर सोबत मदरबोर्ड किंवा पॉवर सप्लाय घ्याच, अशी सक्ती. आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अशी जोडखरेदीची सक्ती निर्बंधात्मक व्यापारी प्रथा ठरते. तसं कुणी म्हटलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. दुकान मुंबईत असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

संगनमताचा प्रश्न मात्र ग्राहक आयोगाचा नव्हे, तो दिल्लीच्या स्पर्धा आयोगाचा. तिथं कोणतीही व्यक्ती माहिती देऊ शकते आणि आपलं नाव गुप्त ठेवण्याची विनंती करू शकते. फक्त घटनेपासून तीन वर्षांच्या आत. तिथं नुसती भावांची यादी पुरणार नाही. वितरकाचं पत्र, ‘याच्या खाली विकू नका’ असा संदेश, सगळ्यांना एकाच दिवशी मिळालेलं भावपत्रक, असं काही हवं. ते गिऱ्हाइकापेक्षा दुकानदाराच्या हाती लागण्याचा संभव अधिक. म्हणून छोट्या दुकानदारांना माझं मुद्दाम सांगणं आहे, असा कागद आला तर फाडू नका, जपून ठेवा. एकट्यानं जायची भीती वाटत असेल, तर 1975 पासून ग्राहकांसाठी झटणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेला सोबत घ्या. अन्न महामंडळानं तक्रार केली नसती, तर त्या तिघांचा 388 रुपयांचा भाव आजही योगायोग म्हणूनच खपला असता.

माझा निष्कर्ष असा. ग्राफिक्स कार्डांच्या आजच्या भाववाढीला संगनमत म्हणण्याइतका पुरावा नाही. पण मूठभर कंपन्यांच्या हाती अख्खा बाजार गेल्याचा पुरावा मात्र भरपूर आहे. त्यावर नजर ठेवणं हे स्पर्धा आयोगाचं काम आहे आणि त्याला जागं ठेवणं हे आपलं. मुलाला सांगा, शिकणं थांबवू नकोस, कार्ड थोडं उशिरा आलं तरी चालेल. आणि तुम्ही बिल व पुरावा जपा, तक्रार करायला कचरू नका.